वजन उतरवणारे इंजेक्शन आणि चरबी विरघळवणारे इंजेक्शन : निवड करण्यापूर्वी आणि नंतर

सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधांचे इंजेक्शन बहुतेक जण पोटावर, बेंबीपासून थोडे दूर, त्वचेखाली घेतात आणि त्यामुळे ते पोटाचीच चरबी कमी करते, असा समज करून घेतात. प्रत्यक्षात तेच इंजेक्शन मांडीवर किंवा दंडावर घेतले तरी परिणामात फरक पडत नाही, कारण औषध त्वचेखालून रक्तात मिसळते, मेंदूतील भुकेच्या केंद्रांवर आणि जठरावर काम करते आणि चरबी सगळ्या शरीरातून उतरते. डीऑक्सिकोलिक आम्लाचे, म्हणजे चरबी विरघळवणारे इंजेक्शन याच्या अगदी उलट आहे. ते जिथे टोचले तिथल्याच चरबीच्या पेशींची आवरणे फोडते आणि भूक, साखर किंवा वजनकाट्यावरचा आकडा यांच्याशी त्याचा काहीही संबंध नसतो. दोन्ही उपचारांच्या जाहिराती शेजारी-शेजारी झळकत असल्या, तरी ते एकमेकांना पर्याय नाहीत. त्यामुळे किमतींची तुलना करण्याआधी आपला प्रश्न वजनाचा आहे की एखाद्या जागेचा, हे ठरवायला हवे, आणि ते घरच्या घरी बऱ्याच अंशी ठरवता येते.

पहिली पायरी : टेप, वजनकाटा आणि चिमूट

किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. 160 सेंटिमीटर उंची आणि 72 किलो वजन असलेल्या व्यक्तीचा बीएमआय साधारण 28.1 येतो. भारतीयांमध्ये कमी वजनावरही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून आपल्याकडे 23 पासून जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा मानला जातो, तर पाश्चात्त्य देशांत हेच उंबरठे 25 आणि 30 असे आहेत. औषधांच्या परवान्यावरील अट मात्र वेगळी आहे. वजनासाठीची साप्ताहिक इंजेक्शने बीएमआय 30 किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा 27 किंवा अधिक असून सोबत मधुमेह, उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांसारखा वजनाशी निगडित आजार असल्यास देण्यासाठी मंजूर आहेत.

कंबरेचा घेर पँट किंवा साडी जिथे बांधली जाते तिथे मोजू नये. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, उभे राहून, श्वास सहज सोडल्यावर आणि पोट आत न ओढता टेप आडवी धरावी. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढचा घेर भारतीयांसाठी धोक्याचा मानला जातो.

यानंतर पोटाची त्वचा चिमटीत धरून पाहावी. चिमटीत जाड घडी येते ती त्वचेखालची चरबी. पोट पुढे आलेले आणि टणक आहे, पण चिमटीत मात्र फारसे काही येत नाही, असे असेल तर चरबी पोटाच्या स्नायूंच्या मागे, यकृताच्या आणि आतड्यांच्या भोवती साठलेली असते. हातपाय बारीक आणि पोट सुटलेले, ही आपल्याकडच्या असंख्य घरांतली ठेवण बहुधा या दुसऱ्या प्रकारची असते. चरबी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची सुई त्वचेखालच्या थरातच राहते, स्नायूंच्या मागे ती पोहोचत नाही आणि पोहोचवायचीही नसते. त्यामुळे अशा पोटासाठी जागेवरच्या इंजेक्शनांचे पॅकेज घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे जेवण, व्यायाम आणि गरज असल्यास संपूर्ण शरीरावर काम करणारे औषध हाच मार्ग उरतो.

दुसरी पायरी : तपासण्या आणि खरी खरी माहिती

वजनासाठी औषध सुरू करण्यापूर्वी एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर), थायरॉइड, लिपिड प्रोफाइल, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि पोटाची सोनोग्राफी या गोष्टी डॉक्टर साधारणपणे सांगतात. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे आणि यकृतातली चरबी, दोन्ही कळतात, आणि वजन झपाट्याने उतरताना खडे होण्याची शक्यता वाढत असल्यामुळे आधीची स्थिती कागदावर असणे उपयोगाचे ठरते. वजन वाढवणारी काही औषधे आपण आधीपासून घेत असू, तर तीही डॉक्टरांना सांगावीत. स्टेरॉइड, मानसिक आजारांवरील काही गोळ्या आणि इन्सुलिन ही त्यांतली ठळक उदाहरणे आहेत.

काही गोष्टी लपवल्या तर थेट धोका आहे. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल, किंवा एमईएन-2 हा आनुवंशिक विकार असेल, तर सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड आणि लिराग्लुटाइड ही तिन्ही औषधे घेता येत नाहीत. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला असेल किंवा जठर रिकामे होण्याचा वेग मुळातच मंद असेल, तर निर्णय फार विचारपूर्वक घ्यावा लागतो. गर्भधारणेचा विचार असल्यास सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावे लागते. टिर्झेपेटाइडमुळे तोंडावाटे घेतल्या जाणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून औषध सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरे साधनही वापरायला सांगितले जाते. ही शेवटची सूचना दवाखान्यात घाईघाईत राहून जाते, म्हणून स्त्रियांनी ती स्वतःहून विचारावी.

तिसरी पायरी : वजनाच्या तीन औषधांची तुलना

जेवण झाल्यावर आतड्यातून जीएलपी-1 नावाचे संप्रेरक स्रवते आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचवते. लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड याच संप्रेरकासारखे वागतात. टिर्झेपेटाइड त्याच्या जोडीला जीआयपी या आतड्यातल्या दुसऱ्या संप्रेरकासारखेही वागते.

लिराग्लुटाइड या तिघांतले सर्वांत जुने आहे आणि ते रोज टोचावे लागते. 3 मि.ग्रॅ. मात्रेच्या मोठ्या चाचणीत 56 आठवड्यांत सरासरी 8 टक्के वजन उतरले. सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टेप-1 चाचणीत 2.4 मि.ग्रॅ. मात्रेवर 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के घट झाली, तर औषधाऐवजी निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्यांत ती 2.4 टक्के होती. टिर्झेपेटाइडच्या 2022 च्या सरमाउंट-1 चाचणीत 72 आठवड्यांत 5, 10 आणि 15 मि.ग्रॅ. मात्रांवर अनुक्रमे 15, 19.5 आणि 20.9 टक्के घट दिसली. ही दोन साप्ताहिक औषधे 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरमाउंट-5 चाचणीत समोरासमोर तपासली गेली, तेव्हा टिर्झेपेटाइडने 20.2 आणि सेमाग्लुटाइडने 13.7 टक्के वजन उतरवले. 90 किलोच्या माणसाच्या भाषेत सांगायचे तर एकाने सुमारे 18 किलो आणि दुसऱ्याने सुमारे 12 किलो.

या आकड्यांवरून टिर्झेपेटाइडच सरसकट निवडावे, असा अर्थ काढू नये. ज्याला आधी हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, त्याच्यासाठी सेमाग्लुटाइडच्या बाजूने मोठा पुरावा आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिलेक्ट चाचणीत, मधुमेह नसलेल्या पण हृदयविकार आणि जादा वजन असलेल्या 17,604 लोकांमध्ये, हृदयविकाराने मृत्यू, झटका आणि पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण या औषधामुळे 20 टक्क्यांनी कमी झाले. शिवाय वरचे सगळे आकडे सरासरीचे आहेत आणि चाचणीतल्या लोकांना आहाराचे आणि व्यायामाचे मार्गदर्शनही मिळत होते. काहींचे वजन त्याहून पुष्कळ उतरते, काहींचे अगदी थोडे.

खर्चाचा हिशेब महिन्याचा न करता निदान दोन वर्षांचा करावा. टिर्झेपेटाइड भारतात माउंजारो या नावाने मार्च 2025 मध्ये आले, तेव्हा 2.5 मि.ग्रॅ.च्या एका बाटलीची किंमत 3,500 रुपये आणि 5 मि.ग्रॅ.ची 4,375 रुपये होती, म्हणजे महिन्याला चार बाटल्या धरल्या तर 14,000 ते 17,500 रुपये. सेमाग्लुटाइडचे वजनासाठीचे वेगोव्ही जून 2025 मध्ये आले. सेमाग्लुटाइडचे भारतातील पेटंट मार्च 2026 पर्यंतचेच असल्यामुळे त्यानंतर भारतीय कंपन्यांना ते बनवण्याची वाट मोकळी होते. जेनेरिक म्हणून औषध कमी दर्जाचे ठरत नाही. मात्र पेन किंवा बाटलीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत स्पष्ट छापलेली असावी, आणि खरेदी पक्क्या बिलावर, फ्रीज असलेल्या औषधाच्या दुकानातूनच करावी. सेमाग्लुटाइडच्या बनावट पेनांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून 2024 मध्ये इशारा दिला होता, हे समाजमाध्यमांवरून औषध मागवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

चौथी पायरी : सुरुवात आणि पहिले पाच महिने

दोन्ही साप्ताहिक औषधे कमी मात्रेपासून सुरू होतात. सेमाग्लुटाइड 0.25 मि.ग्रॅ.पासून दर चार आठवड्यांनी 0.5, 1, 1.7 आणि मग 2.4 असे चढवत नेले जाते. टिर्झेपेटाइड 2.5 पासून सुरू होते आणि गरजेप्रमाणे 2.5 च्या टप्प्यांनी 15 पर्यंत जाते. पूर्ण मात्रेपर्यंत पोहोचायलाच चार ते पाच महिने लागतात. त्यामुळे दीड महिन्यावर आलेल्या लग्नासाठी हे औषध सुरू करण्यात अर्थ नाही आणि घाईने मात्रा वाढवली तर हाती फक्त उलट्या येतात. कमी मात्रेवर वजन नीट उतरत असेल, तर पुढची पायरी चढलीच पाहिजे असेही नाही.

पेन असेल तर मात्रेचा घोळ फारसा होत नाही. बाटली आणि वेगळी सिरिंज असेल तर मात्र सावध राहावे लागते. माउंजारोच्या एकमात्रा बाटलीत औषध 2.5 मि.ग्रॅ. असो की 5, द्रव 0.5 मि.लि.च असतो, आणि इन्सुलिनच्या 100 युनिटच्या सिरिंजवर 0.5 मि.लि. म्हणजे 50 ची रेघ. मिलीग्रॅम आणि युनिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, 5 मि.ग्रॅ. म्हणजे 5 युनिट नव्हे. दुसऱ्या बनावटीच्या औषधात द्रवाचे प्रमाण वेगळे असू शकते, म्हणून पहिले इंजेक्शन डॉक्टरांसमोर किंवा परिचारिकेसमोर स्वतः भरून, स्वतः टोचून दाखवावे. जागा पुसून कोरडी होऊ द्यावी, बेंबीपासून किमान दोन इंच अंतर ठेवावे आणि दर आठवड्याला जागा बदलावी. वापरलेली सुई टोपण लावण्याच्या भानगडीत न पडता जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकावी.

औषध 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये, फ्रीजच्या मधल्या फळीवर ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात ते गोठले तर फेकूनच द्यावे लागते. माउंजारो 30 अंशांखाली 21 दिवसांपर्यंत फ्रीजबाहेर चालते, पण मे महिन्यातल्या नागपूर-अकोल्याच्या घरात ही अट पाळता येत नाही. त्यामुळे प्रवासात थंड पिशवी लागतेच, आणि उभ्या गाडीत ते कधीही ठेवू नये.

एखादा आठवडा चुकला तर टिर्झेपेटाइड चार दिवसांच्या आत घेता येते, त्यानंतर तो डोस सोडून द्यावा. सेमाग्लुटाइडच्या बाबतीत पुढच्या डोसला दोन दिवसांहून अधिक अवधी असेल तरच चुकलेला घ्यावा. भरपाई म्हणून दोन डोस एकत्र कधीच घ्यायचे नाहीत. लागोपाठ काही आठवडे खंड पडला, तर जुन्याच मात्रेवर थेट परतण्याऐवजी डॉक्टरांना विचारावे.

मळमळ, बद्धकोष्ठता, जुलाब आणि आंबट ढेकर हे त्रास सुरुवातीला आणि मात्रा वाढवल्यावर सर्वाधिक होतात. जठर सावकाश रिकामे होत असल्यामुळे तेलकट आणि मोठे जेवण तिथेच रेंगाळते. रविवारची तर्रीदार मिसळ किंवा उपासाची तूप-शेंगदाण्याने भरलेली साबुदाण्याची खिचडी या काळात सहन होत नाही, हे पुष्कळांना पहिल्याच महिन्यात कळते. थोडे खावे, सावकाश खावे आणि पोट भरल्याचा पहिला इशारा मिळताच थांबावे.

इथे सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे स्नायू. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही वाटा असतो. स्टेप-1 मधील शरीर-रचनेच्या उपअभ्यासात उतरलेल्या वजनाचा सुमारे 40 टक्के भाग चरबीव्यतिरिक्त ऊतींचा होता. भूक मेल्यावर माणूस चहा-बिस्किटांवर दिवस काढतो, आणि आपले रोजचे जेवण मुळातच प्रथिनांत तोकडे असते. म्हणून ताटात आधी प्रथिने घ्यावीत. मुगाची किंवा मटकीची उसळ, पिठले, घट्ट दही, पनीर, अंडी, मासे, जे चालत असेल ते आधी खावे आणि भाकरी-भात त्यानंतर. मूत्रपिंडे निरोगी असतील तर दर किलो वजनामागे दिवसाला 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनांचे लक्ष्य आहारतज्ज्ञ सहसा देतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा वजने उचलणे, खुर्चीतून उठ-बस, भिंतीला टेकून दंड, यांपैकी काही करणे हे औषधाइतकेच आवश्यक आहे. नुसते चालणे स्नायू टिकवायला पुरत नाही.

पाचवी पायरी : प्रश्न खरोखर जागेचाच असेल तर

वजन आटोक्यात आहे, पण हनुवटीखालची गादी हटत नाही, आणि आई-वडिलांच्या जुन्या फोटोंतही ती तशीच दिसते, अशी व्यक्ती जागेवरच्या इंजेक्शनासाठी खरी पात्र. डीऑक्सिकोलिक आम्ल हा पित्तातलाच एक घटक असून, त्याच्या कृत्रिमरीत्या तयार केलेल्या इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2015 मध्ये कायबेला या नावाने मान्यता दिली, आणि तीही फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. पोट, दंड, मांड्या, ब्राच्या पट्ट्याजवळची वळी या जागांसाठी त्या मान्यतेचा आधार सांगता येत नाही.

प्रक्रिया कशी होते ते आधी डोळ्यांपुढे आणावे. डॉक्टर हनुवटीखालचा भाग पेनाने आखून घेतात, जबड्याच्या काठाजवळ मज्जातंतू असल्यामुळे तो पट्टा सोडून देतात, आणि उरलेल्या भागावर एकेक सेंटिमीटरवर ठिपके उमटवतात. प्रत्येक ठिपक्यावर 0.2 मि.लि. औषध टोचले जाते आणि एका बैठकीत असे जास्तीत जास्त 50 टोचे, म्हणजे 10 मि.लि., देता येतात. काही मिनिटे जळजळ होते, मग सूज चढते, आणि पुढचे काही दिवस हनुवटी आधीपेक्षा मोठी दिसते. बधिरपणा आणि आतला कडकपणा कित्येक आठवडे टिकू शकतो. बैठकांत किमान एक महिन्याचे अंतर लागते, कमाल सहा बैठका होतात, आणि चाचण्यांत निम्म्याहून अधिक लोकांना सहाही लागल्या. म्हणजे हाही अर्ध्या वर्षाचा कार्यक्रम आहे. चाचण्यांत सुमारे 4 टक्के लोकांत जबड्याच्या मज्जातंतूला इजा होऊन हसणे वाकडे झाले. ते बहुधा काही आठवड्यांत भरून येते, पण सही करण्याआधी रुग्णाला हे सांगितलेच पाहिजे.

त्वचा आधीच सैल असेल तर चरबी गेल्यावर ती आणखी लोंबते. वजन उतरवायचे बाकी असेल, तर आधी ते उतरू द्यावे, कारण हनुवटी बऱ्याचदा त्याबरोबरच आटते आणि दुसऱ्या खर्चाची गरज राहत नाही. चरबी जास्त असेल तर लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया, एका बैठकीत जे साधते, ते सहा बैठकांच्या इंजेक्शनांनाही साधत नाही. त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन, दोघांचेही मत घ्यावे.

नाकारावी अशी इंजेक्शने

फॉस्फॅटिडिलकोलीन आणि डीऑक्सिकोलेट यांचे मिश्रण ‘लिपोडिझॉल्व्ह’ या नावाने अनेक वर्षे फिरते आहे. ब्राझीलने याच कामासाठी वापरले जाणारे लिपोस्टॅबिल हे औषध 2003 मध्ये रोखले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2010 मध्ये हे उपचार विकणाऱ्या केंद्रांना इशारापत्रे धाडली, आणि 2023 मध्ये अक्वालिक्स, लिपो लॅब, कॅबेलिन अशा मान्यता नसलेल्या उत्पादनांमुळे कायमचे व्रण, गंभीर संसर्ग आणि गाठी झाल्याचे नमूद केले. मिथिओनिन, इनॉसिटॉल, कोलीन आणि बी-12 यांची ‘लिपोट्रॉपिक’ सुई वजन उतरवते, याला विश्वासार्ह पुरावा नाही. एचसीजी हे गर्भारपणातील संप्रेरक टोचून 500 कॅलरींवर राहण्याची पद्धत 1950 च्या दशकात डॉ. सिमियन्स यांनी रोममधून लोकप्रिय केली. त्याआधी त्यांनी मुंबईत अनेक वर्षे वैद्यकी केली होती. या पद्धतीत वजन उतरते ते उपासमारीमुळे, संप्रेरकामुळे नव्हे, हे पुढच्या चाचण्यांनी दाखवले आहे. बाटलीवरचे नाव दाखवायला नकार मिळाला, किंवा ‘आमचे खास कॉकटेल’ एवढेच उत्तर मिळाले, तर तिथून उठून यावे.

औषध बंद करताना, आणि तातडीने दवाखाना गाठताना

स्टेप-1 संपल्यावर औषध थांबवलेल्या लोकांनी वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत मिळवले. लठ्ठपणा हा रक्तदाबासारखा दीर्घ आजार असल्यामुळे यात रुग्णाचा आळस शोधणे अन्यायाचे आहे. थांबवायचेच असेल तर डॉक्टरांशी बोलून, टप्प्याटप्प्याने आणि व्यायामाची सवय पक्की झाल्यावर थांबवावे, दर आठवड्याला वजन लिहून ठेवावे, आणि किती किलो परत आल्यावर पुन्हा भेटायचे तो आकडा आधीच ठरवून घ्यावा.

पोटात तीव्र, पाठीकडे जाणारी आणि न थांबणारी वेदना, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि ताप, पाणीही न टिकणाऱ्या उलट्या, डोळे पिवळे होणे, किंवा एका डोळ्याची दृष्टी अचानक अंधूक होणे, यांपैकी काहीही झाले तर पुढचा डोस घेऊ नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल, तर साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून त्यांची मात्रा सुरुवातीलाच ठरवून घ्यावी. शस्त्रक्रिया किंवा एंडोस्कोपी ठरली, तर हे औषध चालू असल्याचे भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावे, कारण उपाशी असूनही जठरात अन्न उरलेले असू शकते. हनुवटीच्या इंजेक्शनानंतर गिळायला त्रास होणे, त्वचा काळी पडणे किंवा जखम उघडणे ही वाट पाहण्याची लक्षणे नाहीत. औषधाचा दुष्परिणाम झाल्यास भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाला स्वतःही कळवता येते, आणि बनावट औषधाचा संशय असल्यास रिकामी बाटली, वेष्टन आणि बिल जपून ठेवून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.